रोज व्यायाम करूनही पोट का जात नाही? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली माणसं मला आहार-व्यायामाबद्दल विचारतात तेव्हा शब्द बदलतात, तक्रार बदलत नाही. धुळ्याकडचा माणूस म्हणतो, "रोज चालस, पण पोट काई जास नई." इथली उत्तरं अशा माणसांसाठी आहेत, जी खरंच मेहनत करतात आणि तरीही कमरेपाशी अडकून पडली आहेत. आळशीपणाचा शिक्का त्यांच्यावर मारू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी वर्षभर रोज तासभर चालतो. वजन चार किलो उतरलं, पण पोट आहे तिथंच आहे. असं का?

पोट आहे तिथंच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं, ते आधी तपासा. पोटात दोन प्रकारची चरबी असते. एक कातडीखालची, जी चिमटीत धरता येते. दुसरी आत, आतडी आणि यकृताभोवती साठलेली. ही आतली चरबी जास्त घातक असते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराशी तिचा संबंध जवळचा आहे. चालण्या-पळण्याने आधी कमी व्हायला लागते ती हीच. म्हणजे तुमच्या चार किलोंतला बराचसा भाग आतून गेलेला असू शकतो. आरशात तो दिसत नाही, पण रक्ततपासणीत दिसतो. जुने आणि नवे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), उपाशीपोटीची साखर हे आकडे शेजारी ठेवून बघा.

चिमटीत येणारी कातडीखालची चरबी मात्र सावकाश जाते. तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच बहुतेकांचा धीर सुटतो.

पोटासाठी रोज शंभर क्रंचेस मारते, तरी फरक नाही. कोणता व्यायाम करू?

क्रंचेसने पोटाचे स्नायू घट्ट होतात. त्यांच्यावरची चरबी त्यामुळे वितळत नाही. स्नायूला लागणारं इंधन रक्तातून येतं आणि रक्तात ते अंगभरातून गोळा होतं, शेजारच्या चरबीतून थेट ओढलं जात नाही. विहीर उपसताना फक्त एका कोपऱ्यातलं पाणी काढतो म्हटलं तर जमेल का? पाणी सगळीकडून खाली जातं आणि जिथे खोली जास्त, तिथला तळ शेवटी उघडा पडतो. पोट हा पुरुषांचा खोल कोपरा. बायकांचा बहुधा मांड्या आणि नितंब.

म्हणून "पोट कमी करणारा व्यायाम", "मांड्यांचा व्यायाम" अशा नावाने कोणी काही विकत असेल तर पैसे घालवू नका. क्रंचेस बंद करा असं म्हणत नाही. पाठ-कंबर मजबूत राहते, तेवढ्यासाठी करा.

पण काही जागचीच चरबी इतकी हट्टी का असते?

चरबीच्या पेशीवर संदेश घेणारे ग्राही असतात. व्यायाम करताना ॲड्रेनालिन वाढतं आणि या ग्राहींवर जाऊन बसतं. बीटा प्रकारचे ग्राही पेशीला सांगतात, चरबी सोड. अल्फा-२ प्रकारचे सांगतात, धरून ठेव. बायकांच्या नितंब आणि मांड्यांच्या चरबीत अल्फा-२ जास्त असतात. पुरुषांच्या खालच्या पोटावर आणि कमरेच्या बाजूंना साधारण तोच प्रकार. बायकांच्या बाबतीत इस्ट्रोजेनही चरबी मांड्यांकडे वळवतं, कारण गरोदरपण आणि अंगावर पाजण्याच्या काळासाठी शरीर तो साठा राखून ठेवतं.

त्यात अनुवंशिकता मोठी. वडिलांचं आणि काकांचं पोट जसं सुटलं, तसंच तुमचं सुटण्याचा संभव आहे. यात दोष कुणाचा नाही. पण धरून ठेवलेली चरबी कायमची अडकलेली नसते. खाणं गरजेपेक्षा थोडं कमी राहिलं आणि ते महिनोन् महिने टिकलं, तर तीही सुटते.

चरबी घामातून जाते ना? मी पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालतो.

आजच बंद करा, विशेषतः उन्हाळ्यात. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. प्लास्टिक गुंडाळून उतरलेलं अर्धा किलो वजन दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं.

चरबी जाते ती श्वासातून. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब छापून आला होता. दहा किलो चरबी जळते तेव्हा सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. मात्र नुसते जोरजोरात श्वास घेऊन ती जळत नाही. स्नायूंनी काम करावं लागतं.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत अंगातली उष्णता बाहेर टाकायला घामच उपयोगी पडतो आणि प्लास्टिकचा पट्टा नेमका तो अडवतो. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ, अंग तापणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत आणि त्यात जीव जाऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये उजाडतानाच चाला, ऊन चढायच्या आत घरी या. निघताना पाणी पिऊन निघा. घाम फार आला तर मीठ घातलेलं पातळ ताक घ्या.

तासभर चालल्यावर नक्की किती जळतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. ७० किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालला, तर साधारण २४० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या सत्तर तो घरी बसून राहिला असता तरी झाल्याच असत्या. निव्वळ कमाई १७० च्या आसपास. आता हिशेब करा: एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. चालणं संपल्यावर गाड्यावर थांबून एक कचोरी आणि गोड चहा घेतला, की सकाळची सगळी कमाई तिथेच संपली.

दुसरीही एक गोष्ट आहे. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संग्राहक जमातीच्या दिवसभराच्या कॅलरी-खर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसं शहरी माणसांपेक्षा कितीतरी जास्त चालतात. तरी शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य देशांतल्या माणसांइतकाच निघाला. व्यायाम वाढला की शरीर इतर ठिकाणी काटकसर करतं, असं त्यांचं म्हणणं. सगळे शास्त्रज्ञ त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत नाहीत, पण व्यवहारातला अनुभव तोच सांगतो: फक्त व्यायामाने उतरणारं वजन थोडंच असतं.

मग व्यायाम कशाला? हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, मनासाठी आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू नये म्हणून. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो सोडायचा नाहीच. चरबीचा हिशेब मात्र स्वयंपाकघरात सुटतो.

आम्ही घरचंच खातो, बाहेरचं काही नाही. मग चूक कुठे होते?

तेलात. मी इतक्या घरांच्या खाण्याचे हिशेब पाहिले आहेत की हे ठामपणे लिहू शकते: खान्देशातल्या बहुतेक "फक्त घरचं खाणाऱ्यांचं" पोट तेलावर अडलेलं असतं. आपल्या रश्श्याला तर्री लागते. फोडणीत काळा मसाला तेल सुटेपर्यंत परतल्याशिवाय भाजी झाली असं आपल्याला वाटत नाही. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा यांच्यावरही वरून कच्चं तेल ओततो. हे सगळं घरचंच आहे, ताजं आहे आणि चवीला उत्तम आहे. पण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात. शेंगदाण्याचं असो, सूर्यफुलाचं असो, घाण्याचं असो किंवा महागडं ऑलिव्ह असो, इथे फरक नाही.

चमचे मोजत बसू नका. स्वयंपाक करणारी बाई ओंजळीच्या अंदाजाने तेल घालते आणि तो अंदाज विचारला तर कमीच सांगते. डबा मोजा. १५ किलोचा डबा आणला की झाकणावर तारीख लिहा. संपला की पुन्हा तारीख लिहा. पाच माणसांच्या घरात डबा दोन महिन्यांत संपला, तर माणशी दिवसाला ५० ग्रॅम तेल झालं, म्हणजे ४५० कॅलरी नुसत्या तेलातून. बैठं काम करणाऱ्याला २०-२५ ग्रॅम भरपूर होतं. तोच डबा तीन महिने पुरवला तर माणशी रोजच्या १५० कॅलरी वाचतात. ती कमाई जवळपास तासभराच्या चालण्याइतकी आहे आणि घरातल्या पाचही जणांना मिळते.

पुरवायचा कसा? बाटलीतून सरळ कढईत ओतणं बंद करा. सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत काढून ठेवा. त्या वाटीतूनच फोडणी, त्यातूनच भाकरीवरचं, त्यातूनच चटणीवरचं. संध्याकाळी वाटी रिकामी झाली की आणखी घ्यायचं नाही. पहिला आठवडा घरात कुरकूर होते. मसाला परतताना खाली लागायला लागला तर तेलाऐवजी दोन चमचे गरम पाण्याचा शिपका द्या. कांदा-खोबरं आधी विस्तवावर भाजून घेतलं असेल तर चव कुठेही जात नाही.

आणि घरातल्या पुरुषांनी "आज भाजीला चव नाही" म्हणण्याआधी थोडा विचार करावा. हे बदल एकट्या बाईच्या अंगावर टाकून होत नाहीत.

म्हणजे भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी सगळं सोडायचं?

सोडायचं नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं आहे, ते ओळखायचं.

भरताचं वांगं मुळात हलकं. शंभर ग्रॅमला जेमतेम २५ कॅलरी. आपलं हिरवं, लांबडं, कमी बियांचं वांगं तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही घेऊन बसलं आहे. काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचेपर्यंत भरतात काहीच वाढलेलं नसतं. वाढतं ते पुढे: हिरवी मिरची, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि त्या सगळ्यावर तेल. थंडीतल्या भरीत पार्टीत शेतावर मोठ्या पातेल्यात भरीत होतं तेव्हा नीट बघा. पातेल्याच्या कडेने तेल उभं राहिलेलं असतं आणि सोबत पुऱ्या. घरी तेच भरीत मोजक्या तेलात करून कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्लं, तर वजन कमी करणाऱ्यासाठी याहून चांगलं जेवण मला सुचत नाही. कळण्यात ज्वारीसोबत उडीद असतो, त्यामुळे प्रथिनंही जास्त मिळतात.

शेवभाजी वेगळी. शेव तळलेली, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी, आणि वर तर्री. ढाब्यावरची एक प्लेट दोघांत वाटून घ्या, शेव निम्मी टाका, भाकरी एक. महिन्यातून दोनदा अशी खाल्ली तर काही बिघडत नाही. वरण-बट्टीत वरणाला दोष नाही. बट्टी तळायच्या ऐवजी भाजा आणि तूप वरून एक चमचा घ्या. डुबुकवड्या आणि फौजदारी डाळ तर ताटात हव्यातच, फक्त फोडणीला हात आखडता घ्या.

केळी खाल्ल्याने पोट सुटतं का? आमच्याकडे रावेरला घरचीच केळी आहेत.

केळीच्या मुलुखात केळ्याला घाबरणारी माणसं भेटली की मला वाईट वाटतं. सोललेल्या शंभर ग्रॅम केळ्यात ९० कॅलरी. आपल्याकडचं मोठं केळं असेल तर ११० ते १३०. चालून आल्यावर एक केळं आणि मूठभर भाजलेले हरभरे हा कचोरीपेक्षा शंभर पटीने चांगला नाश्ता आहे.

वेफर्स मात्र केळी राहत नाहीत. तेलात पडल्या की शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी आणि पुडा फोडला की थांबवत नाही. शिकरण, मिल्कशेक यांत साखर आणि दूध मिळून केळं एकाचं तिप्पट होतं. मधुमेह असेल तर केळं अर्धं, फार न पिकलेलं आणि जेवणावर न घेता मधल्या वेळी. तेही स्वतःची साखर तपासून आणि डॉक्टरांना विचारून ठरवा.

भाकरी चांगली की पोळी? भात बंद करू का?

दादरची, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीची भाकरी चावून खावी लागते, पोट लवकर भरतं, म्हणून भाकरी बरी. पण तीन भाकरी दोन पोळ्यांपेक्षा जास्तच आहेत. भात बंद करण्याची गरज नाही, एक वाटी ठेवा.

प्रथिनं वाढवा म्हणतात. आम्ही शाकाहारी, काय खायचं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची निरोगी माणसासाठीची शिफारस किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत घेतलेलं उपयोगी पडतं, म्हणजे पोट भरलेलं राहतं आणि स्नायू झिजत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वाढवू नये.

आपल्या ताटात तूट पडते ती इथेच. वाटीभर घट्ट डाळीत सहा-आठ ग्रॅम, भाकरीत चार-पाच. एवढ्यावर भागत नाही. म्हणून डाळ पातळ न करता घट्ट करा आणि एकाऐवजी दोन वाट्या घ्या. मटकी, चवळी, हरभरे दुपारच्या जेवणात आणा. ३० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे रश्श्यात घातले की १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि खिशालाही परवडतात. पनीर, दही, चालत असेल तर अंडी. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत हे खरं, पण मुठीमागे १७० कॅलरीही आहेत, त्यामुळे शेंगदाणे तोंडीलावणं म्हणूनच ठेवा.

मी पन्नाशीची बाई. या वयात वजनं उचलायची? लोक काय म्हणतील?

या वयातच उचलायची, ताई. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात आणि पाळी थांबल्यावर तो वेग वाढतो. शिवाय इस्ट्रोजेन घटलं की मांड्यांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळते. "आधी माझं पोट सपाट होतं, आता एकदम सुटलं" असं पंचेचाळिशीनंतरच्या बायका सांगतात, त्याचं कारण हे. नुसतं खाणं कमी केलं तर उतरलेल्या वजनातला सुमारे पाव हिस्सा स्नायूंचा असतो. स्नायू गेले की अंग सैल दिसतं, पोट आणखी उठून दिसतं आणि वजन पुन्हा चढायला सोपं जातं.

जिम लागत नाही. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, ही पहिली बैठक. ओट्याला हात टेकून दंड. पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी जमिनीवरून उचलणं, पाठ सरळ ठेवून. पाण्याने भरलेली बाटली डोक्यावर नेणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की वजन किंवा फेऱ्या वाढवा. इथेच बहुतेक चुकतात: वर्षभर तेच सूर्यनमस्कार, तेवढेच, त्याच वेगाने. शरीराला सवय झाली की ते बदलायचं थांबतं. गुडघा दुखत असेल तर उंच खुर्ची घ्या. वजनं उचलली की बाया पैलवानासारख्या पिळदार होतात ही भीती निराधार आहे.

सकाळी व्यायाम करतो, मग दहा तास दुकानात गादीवर बसतो. चालेल?

नाही चालत. सकाळच्या एका तासाने उरलेला दिवस भरून निघत नाही. व्यायामाव्यतिरिक्तची जी हालचाल, उठणं, माल काढणं, जिने, पायी कामं, तिचा दोन माणसांतला फरक दिवसाला शेकडो कॅलरींचा असू शकतो. ग्राहक नसताना उभं राहा, फोनवर बोलताना फेऱ्या मारा, दर अर्ध्या तासाने उठा. जवळच्या चौकात जायला मोटारसायकल काढू नका. दुकानातल्या चहाचंही बघा: दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. मर्यादा २५ ग्रॅमची आहे.

काटा हलतच नाही. मोजायचं तरी कसं?

शिंप्याची टेप आणा. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी उभे राहा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड बोटांनी चाचपून शोधा, दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरा. कपड्यावरून नाही, अंगावर. सहज श्वास सोडा आणि तेव्हाचा आकडा लिहा. पोट आत ओढू नका. आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी, कागदावर.

आपल्या लोकांसाठी पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. किंवा सोपा हिशेब: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. व्यायाम करणाऱ्याचे स्नायू वाढतात, अंगातलं पाणी मागे-पुढे होतं, बायकांचं पाळीच्या सुमारास वाढतं. म्हणून काटा दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही आणि त्याच काळात कंबर दोन सेंटिमीटर उतरलेली असते.

टेपचा आकडाही सहा आठवडे तसाच राहिला, तर मात्र खाण्याचा हिशेब पुन्हा मांडा. वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते. ८० किलोच्या वेळी जे खाणं कमी होतं, ते ७२ किलोला पुरेसं होऊन बसतं.

मी तर काडीपैलवान. हातपाय बारीक, फक्त पोट. मला कसली काळजी?

काळजी तुम्हाला जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा भारतीय प्रकार जगापुढे मांडला. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ.

तुमच्यासारख्याने खाणं फार तोडू नये. प्रथिनं, ताकदीचा व्यायाम आणि वर्षातून एकदा साखर, कोलेस्टेरॉल व यकृताची तपासणी हा तुमचा मार्ग.

रेल्वेत पाळीची नोकरी आहे, झोप चार-पाच तास होते. त्याचा संबंध आहे का?

थेट आहे. २०१० मध्ये एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात माणसांना तेवढंच कमी खाणं देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखं उतरलं. पण कमी झोपेत त्यातली चरबी ५५ टक्क्यांनी कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. भूकही वाढली. भुसावळचे रेल्वेवाले, दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रपाळी करणारे यांना मी आधी झोपेचंच विचारते. दिवसा झोपायचं तर खोलीत पूर्ण अंधार, फोन बाहेर, घरच्यांना तशी ताकीद. रात्रपाळीत मध्यरात्री जेवण हलकं ठेवा. फार थकलेल्या दिवशी व्यायामाऐवजी झोप निवडली तरी बिघडत नाही.

बाळंतपणानंतर पोट आत गेलंच नाही. दोन वर्षं झाली.

चरबी असेल किंवा पोटाचे मधले स्नायू फाकले असतील. उताणं झोपून डोकं थोडं वर उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून बघा. मधोमध दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील किंवा उंचवटा वर येत असेल, तर क्रंचेस करू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. त्यासाठीचे व्यायाम वेगळे असतात. डिंकाचे लाडू पहिल्या महिन्या-दीड महिन्यासाठी असतात. घरात उरले म्हणून सहा महिने खायचे नसतात.

थायरॉइड तर नसेल? डॉक्टरकडे कधी जावं?

थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन बहुधा थोडंच असतं आणि त्यातही बरंच पाणी असतं. तरी थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस असतील तर पीसीओएसची (बायकांमधल्या हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारांची काही औषधं यांनीही वजन वाढतं. पण ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. गुडघेदुखी, दमा यांवर कुणाकडून बिनलेबलची पुडी किंवा "आयुर्वेदिक" गोळी घेत असाल आणि ती जादूसारखी लागू पडत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा धोका आहे. चेहरा गोल होणं, पोट वाढणं, हातपाय बारीक होणं, पोटावर जांभळट पट्टे, थोडं लागलं तरी काळं-निळं होणं ही त्याची चिन्हं. अशी पुडी एकदम सोडणंही धोक्याचं असतं. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा.

आणि हातपाय वाळत असताना पोट तेवढं फुगत असेल, पायांना सूज असेल, पोटात गाठ लागत असेल किंवा प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर ती चरबी समजून व्यायाम करत बसू नका. त्याच आठवड्यात तपासणी करा. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया हे दुखणं हंगाम संपेपर्यंत अंगावर काढतात. घरच्यांनी त्यांना न्यावं.

लिंबू-मध, ग्रीन टी, जिऱ्याचं पाणी, फॅट बर्नर?

पहिली तिन्ही पेयं निरुपद्रवी आहेत, उपयोग नगण्य. मधात साखरेइतक्याच कॅलरी आहेत. फॅट बर्नरच्या डब्यात बहुधा भरपूर कॅफिन असतं. छाती धडधडते, झोप उडते. घेऊ नका.

श्रावणात, एकादशीला उपवास करतो, तरी उतरत नाही.

साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, शेंगदाण्याची आमटी खाऊन उतरणार नाहीच. भगर, ताक, फळं यांवर राहिलात तर फरक पडेल. ठरावीक तासांतच खाण्याची पद्धत काहींना जमते. दिवसभराचं एकूण खाणं कमी झालं तरच तिचा फायदा.

आठवड्यातून दोनदा बसतो. तेवढ्याने काय होतं?

एक क्वार्टर म्हणजे चारशेहून जास्त कॅलरी. सोबतचे शेंगदाणे, शेव, चिकन वेगळं. आणि दारू अंगात असेपर्यंत शरीर आधी ती जाळतं, चरबीला हातच लावत नाही.

इंजेक्शनने किंवा ऑपरेशनने पोट जातं म्हणतात.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही वजनासाठीची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली. लठ्ठपणा हा आजार म्हणून ज्यांच्यात आहे, त्यांना त्यांचा खरा उपयोग होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. थांबवल्यावर बरंचसं वजन परत येतं आणि प्रथिनं-व्यायाम नसेल तर स्नायूही जातात. लायपोसक्शन कातडीखालची चरबी काढतं, आतली घातक चरबी तशीच राहते. कमरेच्या दोन इंचांसाठी या वाटेने जाऊ नका.

नियमाने चाललो तर किती दिवस लागतील? आणि आखाजी (अक्षय तृतीया), लग्नसराई, श्रावणातले कानबाईचे रोट, तेव्हा काय करायचं?

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ३०० ते ४०० कॅलरींची तूट राखली, तर महिन्याला एक ते दीड किलो. सुरुवातीला चेहरा आणि हात उतरतात, मग वरचं पोट. कमरेच्या बाजू आणि खालचं पोट शेवटी. त्यामुळे सहा महिने ते वर्षभराचा बेत करा. लग्न आहे म्हणून महिन्यात पोट उतरवायला निघू नका.

आखाजीला मांडे आणि आमरस खा. माहेरी आलेल्या लेकीने ताटात हिशेब करत बसू नये. रोटाचा प्रसाद घरच्यांबरोबर बसून खा. पंगतीत आग्रह झाला तर वरण दुसऱ्यांदा घ्या, पुरी नको म्हणा. अडचण सणाच्या एका दिवसाने होत नाही, उरलेलं गोड-तळलेलं पुढे आठवडाभर संपवत बसल्याने होते. दुसऱ्या दिवशी ते वाटून टाका, सकाळची तेलाची वाटी पुन्हा भरा आणि कमरेची टेप ठरलेल्या दिवशीच काढा.